निळ्यांचा कौल

माझ्या वडिलांना अमेरिकेतल्या एका खेळाने सुरतेत ठेवून घेतलं असं मी सांगते, तेव्हा लोक हसतात. हसा बापडे. मीही हसतच सांगते. पण आधी आप्पांच्या कानांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आप्पांनी उभं आयुष्य सुरतेच्या उधन्याला कापडाच्या लूमवर काढलं. कारखान्यात अशी खटाखट की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं ओठांवर म्हणजे बिडी, अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा, मिशीवर ताव म्हणजे शेठ आला. अशी वर्षं गेली आणि कानही गेले, आधी डावा, मग उजवा. मग एक दिवस शेठ म्हणाला, “काका, आता आराम करा.” आराम कुठे करायचा ते काही त्याने सांगितलं नाही. गावाकडच्या कारागिरांबरोबर एका खोलीत आप्पा पाळीपाळीने झोपायचे, आणि काम सुटलं की तिथली पथारीही सुटते. आई केव्हाच गेलेली, मला भाऊ नाही. मी नवऱ्याबरोबर सुरतेतच नवागामला राहायचे. दिवाळी होताच रिक्षा केली आणि आप्पांना पेटीसकट उचलून आणलं.

उचलूनच म्हणायचं, कारण ते येत नव्हते. आमच्या खानदेशात बाप लेकीच्या घरी राहत नाही. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आप्पा पाणी प्यायचे, पण अन्नाला लाजायचे. त्यावर त्यांनी तोड काढली. रोज सकाळी बाजारात जायचं आणि पिशवीभर भाजी आणून माझ्यापुढे ओतायची, म्हणजे आपण आपलंच खातो असं झालं. गिलकी, मेथी, वांगी, पुन्हा गिलकी! दोन माणसांच्या त्या खोलीत भाजी ठेवायला जागा नव्हती. मी अर्धी गल्लीत वाटून टाकायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं ते बरंच होतं.

आणि ती पेटी. ती कायम दाराशी, भरलेली. सदरा काढायचा, घालायचा, धुऊन वाळला की घडी करून परत पेटीत. भिंतीला मी त्यांच्यासाठी चांगली खुंटी ठोकून घेतली होती, तिच्यावर त्यांनी कधी टोपीसुद्धा अडकवली नाही. दर शनिवारी मात्र जाहीर करायचे, “सोमवारले जास मी.” सोमवारी जातो मी. गावी भाऊबंदकीत आमच्या वाटणीची एक बंद खोली होती, तिथे हे एकटे राहणार, हाताने भाकरी थापणार. ज्यांना दार वाजलेलं कळत नाही, त्यांनी एकटं राहायचं! दर सोमवारी मी काहीतरी काढायचे. कधी ह्यांना ताप आणला, कधी मलाच चक्कर आणली.

पौषात आमच्या गल्लीत केबल आली. वरच्या मजल्यावर आमची घरमालकीण राहायची, गुजराती, तिला सगळे बेन म्हणायचे. तिने वायर घेतली आणि तिचाच एक फाटा आमच्या जुन्या रंगीत टीव्हीला जोडून दिला. सिनेमात आप्पांना रस नव्हता. लोक तोंडं हलवतात, काय म्हणतात कोण जाणे. क्रिकेट लावलं तर म्हणाले, “हे सगळे उभेच आहेत.” एका दुपारी आमचे हे उगाच बटणं दाबत बसले होते. ह्यांची रात्रपाळी, म्हणून दुपारी घरी. मी आत भाकरी थापत होते आणि बाहेरून हसणं ऐकू आलं. आप्पांचं. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. पिठाच्या हातानेच बाहेर आले.

टीव्हीवर धिप्पाड माणसं होती. डोक्यावर टोपडी, तोंडावर जाळी, खांद्यांत पोती भरल्यासारखी. शिट्टी वाजली की सगळे एकमेकांच्या अंगावर तुटून पडायचे, ढीग व्हायचा, आणि ढिगाच्या तळाशी एकजण काहीतरी तपकिरी, दोन्हीकडून निमुळतं पोटाशी धरून बसलेला असायचा. हे म्हणाले, “धोटा आहे.” लूमवरचा माणूस, त्याला सगळीकडे मागात धावणारा धोटाच दिसणार. आप्पांनी मान हलवली. “नारळ आहे,” म्हणाले.

नारळ एकदा ठरल्यावर सगळा खेळच उलगडला. आप्पांना एकच कोडं होतं, एवढी हाणामारी करून ही माणसं तो फोडत का नाहीत? तेवढ्यात एक गडी सगळ्यांना चुकवून मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे गेला आणि त्याने नारळ धाडकन खाली आपटला. “फोडला!” आप्पा ओरडले. झालं. ती रेषा म्हणजे देवळाचा उंबरा, तिथे उभे असलेले ते पिवळे खांब म्हणजे कमान, नारळ उंबऱ्यापलीकडे नेऊन फोडायचा आणि बाकीच्यांनी फोडू द्यायचा नाही. चार झटक्यांत ठरावीक जमीन पुढे सरकली पाहिजे, नाहीतर नारळ समोरच्यांचा. सरकली की नाही याचा वाद पडला तर दोघेजण साखळी घेऊन धावत यायचे. आप्पा खूश. “मोजणीवाले आले!” शेताच्या बांधाची मोजणी त्यांनी जन्मभर पाहिलेली, तिथे तर मोजणीवाला वर्षवर्ष येत नाही. इथे हाक मारायच्या आत हजर!

मग आठवड्यातल्या दोन दुपारी ठरूनच गेल्या. बेनसुद्धा तुवर सोलायला खाली यायची. पहिल्यांदा म्हणाली, “अरे, कोई तो छोडावो एमने!” कोणीतरी सोडवा त्यांना. पुढे तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडायला लागली.

आमचा संघ निळा, आणि तो आप्पांनी निवडला एका जाड्यामुळे. निळ्यांच्या पुढच्या फळीत एक अगडबंब माणूस होता. त्याचं काम एकच, समोरच्याला छातीने रेटायचं आणि मागून येणाऱ्याला वाट करून द्यायची. नारळाला त्याचा हात कधी लागायचा नाही. फोडणारा फोडून मोकळा व्हायचा, सगळे त्याच्या गळ्यात पडायचे, आणि हा बिचारा पाठ चोळत परत येऊन उभा. “ह्याला कोणीच देत नाही,” आप्पा हळहळायचे. दर वेळी हात पुढे करून त्या टीव्हीतल्यांना सांगायचे, एकदा त्यालाही द्या रे.

निळे आधी सपाटून हरले. मग काय झालं कोण जाणे, एकामागून एक जिंकतच सुटले. त्यातल्या एका सामन्यात बर्फ पडत होतं. खेळणाऱ्यांच्या तोंडातून वाफा, मैदान पांढरंफटक, आणि इकडे आम्ही चैत्राच्या उन्हात पत्र्याखाली ओले पंचे डोक्यावर घेऊन बसलेलो. मला शंका आली. मी ह्यांना विचारलं, “तिकडे आत्ता थंडी कशी?” हे म्हणाले, “अगं, इकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र असते की नाही? मग इकडे उन्हाळा तेव्हा तिकडे हिवाळा. साधं आहे.” कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मीसुद्धा मान डोलावली.

त्याच बर्फात निळ्यांच्या हातून नारळ निसटला. गडगडत गेला तो थेट जाड्याच्या पायाशी. त्याने तो उचलला. क्षणभर त्याला स्वतःलाच कळेना काय करावं. आणि मग तो पळायला लागला. आप्पा पेटीवर उभे राहिले, अक्षरशः त्या पेटीवर, आणि गल्ली दणाणून सोडली, “पय, भो, पय!” पळ रे भाऊ, पळ! जाड्याच्या पाठीला दोघे लोंबकळत होते, त्यांना घेऊन तो उंबऱ्यापलीकडे जाऊन पडला. आप्पांनी बेनच्या टोपलीतल्या शेंगा ओंजळीने हवेत उधळल्या. शेजारीपाजारी पळत आले, त्यांना वाटलं लॉटरी लागली. त्या शेंगा मी दोन दिवस कॉटखालून झाडत होते, पण माझी काही तक्रार नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढा रमलेला माणूस, आता कशाला जातो? मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण आखाजी जवळ आली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. निळे शेवटच्या सामन्यात पोचले होते. त्याच्या आधी चार-सहा दिवस आप्पांनी सदऱ्याची घडी पेटीत टाकली आणि म्हणाले, “आखाजीच्या आत गाव गाठतो. खोली उघडून, सारवून ठेवतो. तुला माहेर नको का? बाप इथे तुझ्याच दारात बसला तर तू आखाजीला जाणार कुठे?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. एक शब्द हळू बोलता येत नाही. मी ओरडले, “मला खोली नको, तुम्ही पाहिजे!” ते म्हणाले, “काय? गोळी पाहिजे? डोकं दुखतंय?” मी पुन्हा ओरडले. समोरच्या ओट्यावरच्या बायका भांडी घासायच्या थांबल्या. हे अंघोळीवरून टॉवेलात बाहेर आले आणि तसेच आत गेले. शेवटी मी परात आपटली आणि रडत बसले. पण सदरा काही पेटीतून बाहेर आला नाही.

त्याच आठवड्यात बेनच्या भाचीचं लग्न होतं. त्यासाठी तिचा भाचा अमेरिकेहून आला होता. आमच्या सुरतेत दर दोन घरांत कोणीतरी अमेरिकेला असतंच, त्याचं काही विशेष नाही. विशेष होतं त्याच्या डोक्यावर. तो आला त्याच दिवशी दुपारी मी गच्चीत बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होते आणि तो समोर आला तो निळी टोपी घालून. निळ्यांच्या टोपड्यावरचंच निशाण! मी त्याला आनंदाने सांगितलं की आम्हीही निळ्यांचेच, परवा शेवटचा सामना आहे, ये बघायला. तो माझ्याकडे बघतच राहिला. “मासी,” तो म्हणाला, “ए तो जूनी मॅच छे. शियाळामां ज पती गई.” हिवाळ्यातच संपली. तिकडची कॅसेट इकडे तीन-चार महिन्यांनी दाखवतात म्हणे. “ब्लू वाळा जीती गया. त्यारे ज तो आ टोपी लीधी.” निळे जिंकले, तेव्हाच तर ही टोपी घेतली.

म्हणजे आमचे हे देवापुढे उदबत्ती लावत होते, बेन माताजीला साकडं घालत होती, ते सगळं होऊन गेलेल्या सामन्यासाठी! मला हसू आवरेना. मग एकदम आप्पा आठवले. त्यांना हे कळलं तर तेवढाही आनंद जायचा. मी बिबडीच्या पिठाचा हात सरळ त्या पोराच्या तोंडावर ठेवला. “खाली कुणाला बोललास तर याद राख,” म्हटलं. टोपी काढून माझ्याच पदराखाली घेतली आणि बेनच्या कपाटामागे कोंबून आले.

आणि नशीब बघा. त्याच संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलेले असताना आप्पा घसा खाकरून म्हणाले, “रोज रोज हिचं रडणं नको. देवीला कौल लावतो.” आमच्या गावी काही अडलं की देवीच्या मूर्तीला फूल चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, आणि मग त्यावर कोणी बोलायचं नाही. आप्पा म्हणाले, “इथे देऊळ नाही, पण निळे आहेत. निळे जिंकले तर देवीची मर्जी, मी इथेच राहीन. हरले तर सोमवारची गाडी. जवाईबापू, तुमच्यासमोर बोलतोय.”

माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, खणखणला! पण तोंड पाडून बसले. म्हटलं, असा कसा कौल, खेळाचा काय भरवसा. मी जितकी नको म्हणायचे तितके आप्पा पक्के व्हायचे. “बोललो ते बोललो.” ह्यांचा चेहरा पडला. हे माझ्या बापाला ‘मामा’ म्हणायचे ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. ह्यांनी दोन दिवस उपास धरला. रात्रपाळी आणि वर उपास! माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की खा हो गपगुमान, जिंकलेत ते. पण ह्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मी साबुदाणा भिजवत राहिले.

सामन्याच्या दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा धुतलेलं धोतर नेसून पेटीवर बसले होते. मी एकटीच निवांत, हातात पंखा घेऊन. आणि निळे मार खायला लागले. समोरच्यांनी एक नारळ फोडला, दुसरा फोडला. जाड्या उताणा पडला आणि लंगडत बाहेर गेला. माझा पंखा थांबला. माझ्या डोक्यात आलं, भाचा म्हणाला हिवाळ्यात जिंकले, पण कुठल्या हिवाळ्यात? टोपी गेल्या वर्षीची असली तर? ही अमेरिकेची पोरं, ह्यांना इकडचं तिकडचं काय कळतं! मी त्याला शोधायला वर पळाले, तर तो लग्नाची शेरवानी शिवून आणायला गेलेला. खाली आले, देवापुढे बसले आणि आयुष्यात प्रथमच त्या निळ्यांसाठी खरोखरचे हात जोडले. होऊन गेलेलं असो की नसो, आई भवानी, जिंकव त्यांना. मला माझा बाप इथे हवा.

मग जाड्या परत आला. पायाला पट्टी बांधून आला, वाकला, आणि असा रेटला त्याने समोरच्याला की सबंध मैदान दुभंगलं आणि मागचा गडी सरळ उंबऱ्यापर्यंत चालत गेला. एक फोडला. दुसरा फोडला. शेवटी-शेवटी मोजणीवाले साखळी घेऊन आले तेव्हा हे डोळे मिटून बसले होते आणि बेनने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी वाढली. साखळी ताणली. बोटभर जमीन निळ्यांची निघाली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण सगळे एकदम ओरडत होते. हे आप्पांच्या पायांवर पडले, आप्पांनी ह्यांना उठवून मिठी मारली. बेनने वरून लग्नाच्या पेढ्यांचा डबाच आणला. बाया-माणसं, ज्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती फुगड्या घालायला लागली. आणि त्या गोंधळात मी पाहिलं, आप्पांनी पेटी उघडली होती. सदरे बाहेर काढले, धोतरं काढली, आईचा एक फोटो काढला, आणि पेटी कॉटखाली सरकवून दिली. टोपी भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. मी पदराने तोंड दाबून मोरीत जाऊन पोटभर रडले. आखाजीला आमच्याच दारासमोरच्या लिंबाला आप्पांनी झोका बांधला आणि गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणींनी त्यावर पाळी लावली.

लग्न उरकून भाचा परत निघाला, तेव्हा त्याला द्यायला बिबड्यांचं पुडकं घेऊन मी वर गेले. म्हटलं, “तुझे उपकार झाले बाबा. आप्पांना काही बोलला नाहीस.”

तो गोंधळला. “पण मासी, दादाने तो पहेलेथी खबर छे.”

दादांना, म्हणजे आप्पांना, आधीपासूनच माहीत आहे! मी म्हटलं, कधीपासून? तर म्हणाला, आलो त्याच सकाळी. गच्चीत दात घासत होतो, दादा वर आले. टोपीकडे बोट केलं, मूठ खाली आपटून दाखवली आणि भुवया उडवल्या. मी मान हलवली, हो म्हटलं. मग त्यांनी मला खाली बसवून पुन्हा विचारलं, बोटाने जमिनीवर थोपटून, हेच ना, ह्याच वेळचे ना? मी गळ्याला हात लावून आईची शपथ घेतली. तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तुम्ही ठेवलात तसाच.

त्याच सकाळी. म्हणजे माझ्याही आधी. आणि कौल लावला तो संध्याकाळी.

मी खाली आले. आप्पा एकटेच ओट्यावर गवार निवडत बसले होते. ओरडायची सोय नव्हती, सगळी गल्ली कान टवकारून असते. म्हणून मी समोर बसले आणि कारखान्यातल्यासारखी हातांनीच बोलले. डोक्यावर टोपी दाखवली, वर गच्चीकडे बोट केलं, आणि मग त्यांच्याकडे.

आप्पांनी आधी दाराकडे पाहिलं, जवाईबापू उठलेत का. मग गवारीची शेंग मोडली आणि खाली बघतच, अगदी हळू आवाजात म्हणाले, “लेकीच्या घरी राहतो असं बापाला तोंडाने म्हणता येत नाही, माय. देवी म्हणाली की कोणी हसत नाही.” दुसरी शेंग घेतली. “आणि देवी नाही म्हणाली असती तर मी कुठे गेलो असतो? म्हणून आधी विचारून घेतलं.”